सासूबाई कुठे बघतात?

...आणि सातवं भोक पाडून झालं, डोळ्यांत सिमेंट, नाकात सिमेंट, मिश्यांत सिमेंट, आणि स्टुलावर एका पायावर तोल सांभाळत मी विचारतो, "आता?", तर आमची बायको तीन पावलं मागे जाते, मान तिरकी करते, एक डोळा मिटते आणि म्हणते, "अहो... जरासं डावीकडे हवं होतं!" डावीकडे! अहो, सोफा डावीकडे सरकवता येतो, कपाट सरकवता येतं, मनात आणलं तर नवराही सरकवता येतो, पण भोक? भोक कधी सरकवलंय कोणी? ते एकदा पडलं की पडलं, जन्मभर तिथेच बसून तुमच्याकडे बघणार! भिंतींना कान असतात म्हणतात ना, आमच्या भिंतींना नाकपुड्या आहेत. आणि या सगळ्याच्या मुळाशी काय? एक चित्र. एकच! मी काही घरात प्रदर्शन मांडलेलं नाही. एक चित्र आणि... थांबा, पहिल्यापासून सांगतो, त्याशिवाय तुम्हाला माझी दया येणार नाही.

तर आमचे सासरे शाळेत चित्रकला शिकवायचे. अडतीस वर्षं! अडतीस वर्षं त्या माणसाने वर्गासमोर टेबलावर एक सुरई, एक सफरचंद आणि एक फडकं ठेवलं आणि मुलांना सांगितलं, "काढा." सफरचंद दर वर्षी नवीन, सुरई तीच. गावातले निम्मे लोक डोळे मिटून सुरई काढू शकतात. पण स्वतःसाठी, स्वतःच्या हौसेनं, कॅनव्हासवर तैलरंगात त्यांनी चित्र काढलं ते आयुष्यात एकच. आमच्या सासूबाईंचं. मागच्या वर्षी सासरे गेले, घर रिकामं करायची वेळ आली, आणि वाटणीला बसली दोघंच, आमची ही आणि हिचे थोरले बंधू, म्हणजे आमचे मेहुणे. मेहुण्यांनी लाकडी कपाट घेतलं, लिहायचं टेबल घेतलं, भिंतीवरचं घड्याळ घेतलं, आणि चित्राची पाळी आली तेव्हा हातातली किल्ली फिरवत म्हणाले, "तूच ने गं. आमच्याकडे भिंत नाही."

भिंत नाही! सहा खोल्यांचं घर. तंबूत राहतात काय हे? वहिनी हळूच म्हणाल्या, "तसं नाही हो, भिंती आहेत, पण सगळ्यांवर आत्ताच नवा रंग दिलाय." म्हणजे आमच्या भिंती काय, भोकं पाडण्यासाठीच बांधल्यात? पण बोलतो कोण? बायकोच्या माहेरची वस्तू आणि बायकोच्या डोळ्यांत पाणी, अशा वेळी शहाण्या माणसानं नुसती टॅक्सी बोलवावी. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. घोडं परवडलं हो, ते भिंतीला लावावं लागत नाही!

आता चित्रात काय आहे? बघा, डोळ्यांपुढे आणा. एक बाई खुर्चीवर बसलीय. हात मांडीवर, रिकामे. खांद्यावर निळी शाल. मान जराशी खाली, बघणाऱ्याच्या उजव्या हाताला वळलेली, आणि ती बघतेय चौकटीच्या बाहेर, खाली, कुठेतरी. चेहऱ्यावर हसू येऊ घातलंय पण आलेलं नाही. संपलं! मागे झाड नाही, खिडकी नाही, काही नाही. मी सासूबाईंना कधी पाहिलं नाही, ही कॉलेजात असतानाच त्या गेल्या. त्यांचा फोटो म्हणाल तर ओळखपत्रावरचा, नखाएवढा, त्यात त्या कोणीही वाटल्या असत्या. म्हणजे हिच्यासाठी आई म्हणजे हे चित्र. ते मला कळतं हो. मी काय दगड आहे? मी फक्त विचारलं, "कुठे लावायचं?" तेवढाच माझा गुन्हा.

पहिलं ठिकाण, दिवाणखाना. सोफ्याच्या वर. सगळ्या जगात मोठं चित्र सोफ्याच्या वरच लावतात, सोफा त्यासाठीच असतो. लावलं. छान दिसलं. आणि संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या, त्यांना आमच्याकडे काही नवीन आलं की वास येतो, आल्या, बसल्या, वर बघितलं, मग सासूबाई बघत होत्या तिकडे बघितलं, आणि तिकडे काय? टीव्ही! काकू म्हणतात कशा, "अगंबाई, आईंना टीव्हीचा भारीच नाद दिसतोय! कुठली मालिका लागली होती गं?" झालं! एकदा कानावर पडल्यावर दुसरं काही दिसेना. बातम्या लागल्या की सासूबाई बातम्या बघताहेत, क्रिकेट लागलं की क्रिकेट, आणि ते येऊ घातलेलं हसू आहे ना, ते जाहिरातीला! आमची लेक नोकरी करते, हुशार आहे, पण बोलायला लागली की... ती म्हणाली, "आजी किती मन लावून बघते, तिला रिमोट द्या." मला हसू आलं. यायला नको होतं. ही ताडकन उठली, "माझी आई जन्मात कधी टीव्हीसमोर बसली नाही! उतरवा ते!"

चित्र तेच, हं! काही बदललं नव्हतं. खिळा इकडचा तिकडे.

दुसरं ठिकाण, समोरची भिंत. तिथून सासूबाई बघायला लागल्या थेट मुख्य दाराकडे. दार उघडलं की समोर सासूबाई, मान खाली, नजर पायपुसण्यावर. पहिले दोन दिवस ही खूश. "बघा, कशी घराकडे लक्ष ठेवून बसलीय." तिसऱ्या दिवशी लेक कामावरून आली, अर्धा तास उशीर झाला असेल, आणि दारातच थबकली. "आई, आजी माझ्याकडे अशी काय बघते?" मी म्हटलं, अगं तुझ्याकडे नाही, तुझ्या बुटांकडे बघते. ती म्हणाली, "तेच तर! बूट मळके आहेत!" आणि तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवसापासून मीही दारात आलो की आधी बूट बघायचो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, स्वतःच्या घरात, पायपुसण्यावर चार-चार वेळा पाय घासतोय, कोणासाठी? आणि काकू? काकू आल्या, या वेळी हळहळ घेऊन आल्या. "किती वाट बघतात हो बिचाऱ्या! कोणाची गं? तुझ्या बाबांची का? ते घरी उशिरा यायचे का?" आता हिचे बाबा शाळेतून साडेपाचला घरी यायचे, पण ही विचारात पडली! मला म्हणते, "खरंच, आई बाबांची वाट बघायची का हो?" मला काय विचारतेस? मी तुझ्या घरात होतो का? "तिच्या चेहऱ्यावर किती दुःख आहे, मला कधी दिसलंच नव्हतं!" अगं, परवापर्यंत त्याच चेहऱ्यानं ती जाहिराती बघून हसत होती!

चित्र तेच. खिळा बदलला.

आता मी कोण? मी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढतो. एकतीस वर्षं झाली. अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचं, नाकावर ती जड गोल चौकट चढवायची, एक काच घालायची, "आता कसं दिसतंय?" काच बदलायची, "आणि आता?" समोरच्या पाटीवरची अक्षरं तीच हो! पाटी कोणी हलवत नाही. पण माणसं काय काय वाचतात! एक गृहस्थ आहेत, नेहमीचे, त्यांना तिसऱ्या ओळीत दर वर्षी नवीन अक्षर दिसतं आणि दर वर्षी मला म्हणतात, "तुम्ही पाटी बदलली वाटतं." दिवसभर हे ऐकून मी घरी येतो, तर घरी काय? "अहो, इकडून बघा बरं आता. आणि इकडून?" सुटका आहे का माणसाला?

तिसरं ठिकाण, बेडरूम. नको म्हटलं होतं मी! हात जोडून म्हटलं. पण हिचं ठरलं, "लोकांच्या तोंडी लागायला नको, आपल्यापुरती आई आपल्या खोलीत." आपल्या खोलीत! आता खोलीचा आकार असा, की चित्र कुठेही लावा, सासूबाईंची नजर पडणार पलंगाच्या डाव्या अर्ध्यावर. डावा अर्धा कोणाचा? बरोबर! रविवारी दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, बनियनवर, पोटावर वर्तमानपत्र, एवढंच सुख आहे माझ्या आयुष्यात, डोळा लागतो न लागतो तोच वाटतं कोणीतरी बघतंय. उघडतो डोळे, तर त्या! हात मांडीवर, मान खाली, आणि चेहऱ्यावर अगदी स्पष्ट, "हेच का ते स्थळ?" मी चादर ओढून घेतली. भर उन्हाळ्यात! ते येऊ घातलेलं हसू आहे ना, तुम्हाला शपथेवर सांगतो, त्या खोलीत ते हसू नव्हतंच, ते नाक मुरडणं होतं. आणि तिथेच ते सातवं भोक, जरासं डावीकडे हवं होतं ते.

मग आली डिझायनर. लेकीच्या ऑफिसातल्या कोणाची तरी बहीण, घरं सजवून देते. आली ती भिंतीला टिचकी मारत आली, डॉक्टर पोटाला मारतात ना, तशी. सगळं घर फिरली, भोकं मोजली, आणि चित्रासमोर उभी राहून म्हणाली, "काका, हा पीस इथे बोलत नाही." मी म्हटलं, बाई, नको तितका बोलतो. "त्याला श्वास घ्यायला जागा हवी." आम्हा तिघांना नाही ती, पण ठीक आहे. तिने काय केलं? दिवाणखान्यातून आतल्या खोल्यांकडे जाणारा जो बोळ आहे, जिथे माझी छत्री, माझी इस्त्रीची गादी आणि जुन्या मासिकांचा गठ्ठा सुखाने नांदत होता, तो सगळा रिकामा केला, भिंत राखाडी रंगवली, मधोमध चित्र, वरून एक दिवा फक्त चित्रावर, आणि खाली कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या झाडाची कुंडी. जुनी जाड फ्रेम काढून बारीक काळी लावली. माझी छत्री कुठे गेली ते मला अजून माहीत नाही.

आणि काय सांगू! माणसं बोळात आली की आवाज खाली! बोळ म्हणजे काय, बाथरूमकडे जायचा रस्ता हो तो! पण जाणारा माणूस मध्येच थांबतो, हात मागे बांधतो, मान हलवतो, "वा" म्हणतो आणि मग जातो. घाई असली तरी! काकू आल्या, त्यांचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं, मग कुजबुजल्या, "फार मोठे कलावंत होते गं तुझे वडील." माझ्या दुकानाचे मालक आले, चष्मा काढून, पुसून, परत लावून म्हणाले, "या बाईच्या डोळ्यांत सगळ्या जगाची करुणा आहे." सगळ्या जगाची! गेल्या आठवड्यात त्याच डोळ्यांत माझ्या बनियनबद्दलचा तिरस्कार होता.

चित्र तेच. या वेळी खिळ्याबरोबर दिवा बदलला, एवढंच.

इथवर मी हसत होतो. म्हणजे दमलो होतो, पण हसत होतो. मग आमचे मेहुणे चहाला आले.

चहा झाला, हात धुवायला म्हणून उठले, बोळात शिरले, आणि बाहेरच येईनात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आले ते डोळे लाल करून आले. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि बहिणीला म्हणाले, "आईचं चित्र मी घेऊन जातो." ही म्हणाली, "काय?" "मी थोरला आहे. आईचं चित्र माझ्याकडे असायला हवं." मी मनात म्हटलं, उगवली! भिंत उगवली! पण ही काही हसली नाही. ही शांतपणे म्हणाली, "दादा, तेव्हा तू किल्ली फिरवत होतास." ते म्हणाले, "तेव्हा मला नीट दिसलं नव्हतं." आणि मग, काय सांगू तुम्हाला, ते पंचावन्न-साठीचे बहीण-भाऊ, "आई माझ्याकडे बघतेय त्यात! मी दहावीचा अभ्यास करत खाली बसायचो, ती खुर्चीवर बसून माझ्याकडे अश्शी बघायची!" "काहीतरीच! मला गोवर आला होता तेव्हाचं आहे ते, मी खाली गादीवर होते, आई तिथून हलली नाही!" "तुझ्या गोवरात मावशी आली होती सांभाळायला, आईला लोकांच्या शिवणातून वेळ होता का?" "आणि तू दहावीला अभ्यास कधी केलास रे?" वहिनी माझ्याकडे बघतात, मी वहिनींकडे बघतो, चहाचे कप तसेच. मेहुणे चप्पल घालता घालता म्हणाले, "तू आईला भिंतीवर मिरवतेयस." तो शब्द लागला हो तिला. दार लावून घेतलं आणि ती बोळात जाऊन जमिनीवर बसली, चित्राखाली. मी म्हटलं, देऊन टाक गं, एका चित्रापायी भाऊ तोडायचा का? ती म्हणाली, "चित्र नाही ते." एवढंच.

दोन महिने! दोन महिने दोघांनी एकमेकांना फोन केला नाही. जे बहीण-भाऊ रोज सकाळी काहीच न बोलण्यासाठी वीस मिनिटं फोनवर असायचे! ही दिव्याचं बटण दाबायची, चित्रासमोर उभी राहायची, दिवा बंद करायची. माझ्या नंबर काढायच्या खोलीत माणसं अंधारात बसतात ना, तशी दिसायची. तिकडे वहिनी मला दुकानात फोन करून सांगायच्या, "हे रिकाम्या भिंतीकडे बघत बसतात हो." म्हणजे त्यांच्याकडे भिंत होती तर!

शेवटी लेकीने डोकं लढवलं. सासूबाईंची धाकटी बहीण, मावशी, लांब तिच्या मुलाकडे असते, चौऱ्याऐंशी वर्षांची, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि नव्या चष्म्यासाठी ती येणारच होती माझ्याकडे. लेक म्हणाली, मावशीआजीलाच विचारू. घरात आता मोठी तीच. ती सांगेल ते दोघांनी ऐकायचं. दोघांनी मान्य केलं, आपापल्या घरून, माझ्यामार्फत! मी म्हणजे पोस्टमन.

मावशी आल्या. आधी मी त्यांचा नंबर काढला, चष्मा करून दिला, चांगला हलका. मग एका रविवारी सकाळी सगळे आमच्या बोळात. केवढासा बोळ! मेहुणे, वहिनी, ही, लेक, मी स्टुलावर, कारण खाली जागाच नाही. मधोमध मावशी, काठी टेकत. दिवा लावला. मावशींनी बघितलं. जवळ जाऊन बघितलं. नवा चष्मा वर केला, खाली केला. आणि हसायला लागल्या! अशा हसायला लागल्या की वहिनींना त्यांना धरावं लागलं.

"अगं, ही मी आहे!"

मेहुणे म्हणाले, "मावशी, ही आई आहे. बाबांनी आईचं चित्र काढलं होतं." "काढलं होतं की! पण तुझी आई बसली असती तेव्हा ना! पहिल्या रविवारी तिला बसवलं, दूध उतू गेलं, उठली. दुसऱ्या रविवारी बसवलं, कोणीतरी शिवायला कपडे टाकायला आलं, उठली ती गेलीच. तिसऱ्या रविवारी मी आले होते तुमच्याकडे राहायला. तुझे बाबा रंग कालवून बसलेले, बिचारे. ताईने मला ओढत आणलं, स्वतःची शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, 'तू बस गं, तू रिकामीच आहेस. नाक आपलं सारखंच आहे.'"

"पण बाबा तर नेहमी म्हणायचे, ही तुमची आई..." ही म्हणाली. आवाज असा, की मला स्टुलावरून उतरावंसं वाटलं, पण उतरणार कुठे?

"मग? त्यांनी तिचंच काढलं. बसले मी, काढलं तिला. तुम्हाला कळायचं नाही ते," मावशी म्हणाल्या. मग लेकीने विचारलं. दोन महिने सगळ्या घराने डोकं फोडलं आणि सरळ प्रश्न विचारला तो तिने. "मावशीआजी, पण तू बघतेयस कुठे?"

"ताईकडे! ती तिथे खाली जमिनीवर बसून कोणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होती. तोंडात टाचण्या. तशा टाचण्या धरलेल्या तोंडानेच मला सारखी दटावत होती, 'हलू नकोस गं, हलू नकोस, त्यांचा रविवार वाया जाईल.' मला हसू येत होतं आणि हसायची बंदी!"

"म्हणजे आई..." मेहुणे म्हणाले.

"आहे की. ही इथे." आणि मावशींनी काठी उचलून दाखवलं, चौकटीच्या बाहेर, उजवीकडे, खाली. तिथे डिझायनरची प्लॅस्टिकची कुंडी होती, आणि कुंडीला टेकून आमचे मेहुणे उभे होते. मेहुण्यांनी खाली बघितलं आणि दोन पावलं झटकन बाजूला झाले, कोणाच्या तरी हातावर पाय पडल्यासारखे. मग वाकले, ती कुंडी उचलली, इकडेतिकडे बघितलं, आणि माझ्या हातात दिली. अजून स्टुलावर होतो मी!

तुम्हाला सांगतो, सहा माणसं एका रिकाम्या फरशीकडे बघत उभी होती. मग ही खाली बसली आणि हाताने ती फरशी पुसली, नुसतीच. मेहुणेही बसले शेजारी, गुडघ्यांचा आवाज करत. "मला वाटायचं माझ्याकडे बघते," ते म्हणाले. ही म्हणाली, "मलाही." आणि मग दोघं रडली का हसली ते मला वरून नीट दिसलं नाही, माझ्या तोंडापुढे प्लॅस्टिकची पानं होती.

त्यानंतर भांडण सुरू झालं ते उलटं! "दादा, तूच ने." "छे छे, तुझ्याकडेच राहू दे." "अरे, तू थोरला." "अगं, तुझी भिंत चांगली." मी म्हटलं, माझ्या भिंतीचं नाव काढू नका! शेवटी मेहुणे रिकाम्या हातांनी गेले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला आणि वीस मिनिटं काहीच न बोलणं पुन्हा सुरू झालं. मला इतकं बरं वाटलं की मी म्हटलं, संपलं एकदाचं!

संपतंय कुठे? त्याच दिवशी दुकानातून येऊन बघतो, तर बोळातला दिवा एका रिकाम्या राखाडी भिंतीवर पडलाय. चित्र स्वयंपाकघरात! तिने स्वतः नेऊन लावलं, कॅलेंडरच्या खिळ्याला, नवं भोक न पाडता. एवढी अक्कल आधी सुचली असती तर! आणि ते लागलंय असं, की मावशींची नजर बरोबर पडते सिंकवर. म्हणजे जिथे ही गेली सत्तावीस वर्षं उभी आहे तिथे. मी म्हटलं, "इथे? तेलकट होईल." ती म्हणाली, "होऊ दे. काम करणारीकडे बघायला बसवलीय तिला." बरं म्हटलं. चांगलं म्हटलं. 

मग तिने काय करावं? एक खुर्ची ओढली, भिंतीशी, बरोबर चित्राच्या खाली ठेवली, आणि त्यावर बसली. हात मांडीवर. मी विचारलं, "पाय दुखताहेत का?" "नाही." "बरं वाटत नाहीये?" "बरं आहे." "मग?"

"बसलेय," ती म्हणाली.

आता ऐका. सत्तावीस वर्षांत मी हिच्या तोंडून 'बसते हं' ऐकलं, 'बसेन नंतर' ऐकलं, 'बसायला वेळ कुठाय' हे तर रोज ऐकलं. पण 'बसलेय'? पहिल्यांदा! मला कळेना काय करावं. सिंकमध्ये सकाळपासूनची भांडी. मी भांड्यांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत होती, तिच्या वर मावशी माझ्याकडे बघत होत्या, दोघींचं नाकही सारखंच... मी बाह्या वर केल्या.

म्हटलं एक दिवसाची गोष्ट आहे. आज चार महिने झाले! रोज संध्याकाळी दुकानातून आलो की मी सिंकशी, आणि त्या दोघी, एक खुर्चीवर, एक खिळ्यावर. लेक येता-जाता म्हणते, "बाबा, किती छान दिसतं हो हे, याचंच चित्र काढायला हवं." काकू? काकू आल्या होत्या परवा. दारातूनच हात जोडले त्यांनी. "काय कौतुकाने बघतात हो आई जावयाकडे!" आता यांना कोण समजावणार की ती सासू नाही, ते कौतुक नाही, आणि मुळात ते... जाऊ द्या. चित्र तेच आहे. खिळे मारून मारून मीच बदललो.

मी तक्रार करत नाही. हात मऊ झालेत, मेहुणे खूश आहेत, घरात शांतता आहे. एवढंच खटकतं हो, आमच्याकडे आतापर्यंत जी जी बाई पाहुणी आली आणि तिने पुरुषाला भांडी घासताना पाहिलं, तिने दोन मिनिटांत पुढे होऊन म्हटलंच आहे, "राहू द्या, मी करते." अगदी काकूंनीसुद्धा! आणि ही बाई बघा. चार महिने समोर बसलीय, निळी शाल लेऊन, सगळ्या जगाची करुणा डोळ्यांत घेऊन... एकदा, एकदा तरी म्हणेल?